केसांचा उठाव : तेल वाढविण्यापूर्वी करावयाचा विचार

चिकित्सालयात येणाऱ्या स्त्री-रुग्णांच्या तोंडी केसांविषयीच्या तीन तक्रारी नेहमी ऐकू येतात. ‘केस फार गळतात’, ‘केस विरळ झाले’ आणि ‘केस चप्प बसतात’. यांपैकी पहिल्या दोन तक्रारींचा आपल्या ग्रंथांत सविस्तर विचार झालेला आहे. तिसरी तक्रार मात्र बहुधा रुग्णेच्या बोलण्यातच विरून जाते. वैद्य ती पहिल्या दोहोंत मिसळून टाकतो, औषधालयातील विक्रेता तेलाची बाटली पुढे करतो, आणि रुग्णा आणखी दोन महिने तेल चोळीत राहते. केस चप्प बसणे, म्हणजे मुळाशी उठाव नसणे व केस टाळूला चिकटून राहणे, ही स्वतंत्र तक्रार आहे. तिची कारणे भिन्न आहेत, आणि त्यांपैकी एक कारण तर आपण स्वतः दिलेले तेलच असू शकते. या लेखात आम्ही हा विषय वैद्यवर्ग व औषधालयधारक या दोघांनाही उपयोगी पडेल अशा रीतीने मांडण्याचा प्रयत्न करीत आहोत.

आरंभी आमच्या हातून घडलेली एक चूक नमूद करणे आम्हांस आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी ३४ वर्षे वयाच्या एक शिक्षिका आमच्याकडे आल्या. केस चप्प बसतात, वेणीचे शेपूट झाले, एवढीच त्यांची तक्रार होती. आम्ही टाळू पाहिली, कोंडा नाही याची खात्री केली आणि भृंगराजसिद्ध तेल रोज रात्री लावण्यास सांगितले. दोन महिन्यांनी त्या परत आल्या. केस पूर्वीपेक्षा अधिकच चापून बसत होते. आम्ही तेलाची मात्रा वाढविली व सकाळीही अभ्यंग सांगितला. चौथ्या महिन्यात शाळेचा जिना चढताना त्यांना धाप लागू लागली, म्हणून त्यांनी अन्यत्र रक्ततपासणी करून घेतली. हिमोग्लोबिन ७.८ ग्रॅम निघाले. मासिक स्राव दोन वर्षांपासून अतिप्रमाणात होत होता. पुढे भेटल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “डॉक्टर, मी केसांसाठी आले होते. दम लागतो का, हे तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही.” प्रस्तुत लेखाचे मूळ या वाक्यात आहे.

केसांना उठाव कशाने येतो?

केसांचा उठाव ही केवळ केसांच्या संख्येवर अवलंबून असणारी गोष्ट नाही. मनुष्याच्या डोक्यावर साधारणतः एक लाख केस असतात. एकाच संख्येचे केस असणाऱ्या दोन स्त्रियांपैकी एकीचे केस दाट व फुगीर दिसतात, तर दुसरीचे चप्प. हा भेद समजण्यासाठी चार बाबी ध्यानात घ्याव्यात.

पहिली बाब केसाच्या जाडीची. मनुष्याच्या केसाची जाडी सामान्यतः एका मिलिमीटरच्या विसाव्या भागापासून दहाव्या भागापर्यंत असते. कोणत्याही गोल काडीचा ताठपणा तिच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो, हा पदार्थविज्ञानातील सर्वमान्य नियम आहे. त्यानुसार निम्म्या जाडीचा केस हा सोळा पटींनी अधिक लवचीक असतो. केसाची जाडी केवळ २० टक्क्यांनी घटली तरी त्याचा ताठपणा निम्म्याहून कमी उरतो. म्हणूनच केस डोळ्यांना विरळ दिसू लागण्यापूर्वीच ते ‘पडल्यासारखे’ वाटू लागतात. ‘केस चप्प झाले’ ही तक्रार कित्येकदा कृशतेची पहिली खूण असते, ती या कारणाने.

दुसरी बाब स्निग्धतेची. टाळूतील स्नेहग्रंथींचा स्राव केसांच्या मुळांवरून पुढे सरकतो. सरळ व बारीक केसांवर तो लवकर पसरतो, कुरळ्या केसांवर उशिरा. चित्रकाराचा कुंचला तेलात बुडविला म्हणजे त्याचे सुटे केस एकत्र येऊन टोकदार होतात. डोक्यावरही हेच घडते. केस एकमेकांस चिकटून त्यांच्या बटा बनतात, दोन बटांमधून टाळू दिसू लागते, आणि केस असूनही नसल्यासारखे वाटतात.

तिसरी बाब केसांच्या आकाराची व लांबीची. सरळ केस एकावर एक सपाट बसतात, वळणदार केस एकमेकांस अडवून धरतात. लांब केसांचा भार मुळांवर येतो, त्यामुळे कंबरेपर्यंतचे बारीक केस माथ्यावर चापूनच बसणार.

चौथी बाब पाण्याची. केस पाण्यात भिजला म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषतो व फुगतो. त्या वेळी केसातील प्रथिनांचे काही सौम्य बंध सुटतात आणि वाळताना ते पुन्हा जुळतात. केस ज्या स्थितीत वाळेल, ती स्थिती तो पुढे काही काळ धरून ठेवतो. डोक्याला चापून बांधलेले ओले केस वाळल्यावरही चापूनच राहतात, याचे कारण हेच.

ग्रंथोक्त विचार

‘चप्प केस’ या नावाची व्याधी संहितांत सांगितलेली नाही, हे स्पष्टपणे मान्य करावे. ओढूनताणून एखादे नाव देण्यापेक्षा संहितांतील सूत्रे या तक्रारीस कशी लागू पडतात, हे पाहणे अधिक हिताचे.

केश व लोम हे अस्थिधातूचे मल होत. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या १७ व्या अध्यायात अस्थिक्षयाची लक्षणे सांगताना केश, लोम, नख, श्मश्रू व दंत यांचे पतन, श्रम आणि संधिशैथिल्य यांचा एकत्र उल्लेख केला आहे. हा समूह फार महत्त्वाचा आहे. केसांची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णेस नखे, दात, सांधे व थकवा यांविषयी प्रश्न विचारले पाहिजेत, असा आदेशच त्यात अंतर्भूत आहे. वर सांगितलेल्या शिक्षिकांची नखे मऊ व चपटी झाली होती. सूत्र आम्हांस पाठ होते, परंतु हात हातात घेऊन नखे पाहण्याचे आम्ही टाळले.

प्रकृतिविचारही येथे उपयोगी पडतो. वातप्रकृतीचे केस रूक्ष, विरळ व फुटलेले. पित्तप्रकृतीचे मृदू, अल्प व पिंगट. कफप्रकृतीचे घन व काळेभोर असे वर्णन आढळते. पित्तप्रकृतीच्या व्यक्तीचे केस जन्मतःच मृदू व बारीक असतील तर ते चप्प बसणे ही त्या केसांची प्रकृती आहे, विकृती नव्हे.

खालित्याच्या संप्राप्तीत रोमकूपांत गेलेले पित्त वातासह केस पाडते, आणि त्यानंतर रक्तासह श्लेष्मा रोमकूपांचा रोध करतो, असे सुश्रुताचार्य सांगतात. येथील ‘रोध’ हा शब्द विचारात घ्यावा. जेथे श्लेष्म्याचा व क्लेदाचा रोध आधीच आहे, तेथे स्नेहाची आणखी भर घालणे कितपत युक्त, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

चप्प केसांचे चार प्रकार

व्यवहाराच्या सोयीसाठी आम्ही या रुग्णांचे चार गट करतो.

१. प्रकृतिज : केस लहानपणापासूनच बारीक, मृदू व सरळ. गळण्याचे प्रमाण वाढलेले नाही. आईचे किंवा वडिलांचे केसही तसेच. येथे औषधाचे काम अल्प. केस धुण्याची, वाळविण्याची व कापण्याची रीत बदलणे हाच मुख्य उपाय.

२. क्लेदज : सकाळी धुतलेले केस संध्याकाळपर्यंत किंवा दुसऱ्या दिवशीच तेलकट होतात. टाळूस कंडू, चिकट कोंडा, तारुण्यपीटिका यांची जोड असते. कफ-पित्तप्रधान अवस्था. येथे टाळूवर तेल ठेवणे अहितकर. कोंड्याशी संबंधित असणारे मॅलासेझिया हे सूक्ष्म बुरशीवर्गीय जीव स्निग्ध द्रव्यांवरच जगतात, हे आधुनिक शास्त्रानेही दाखविले आहे.

३. लेपज : हा आपणच निर्माण केलेला प्रकार. रोजचे तेल, त्यावर कंडिशनर किंवा सीरम, आणि बोअरवेलच्या जड पाण्यात साबणाने केलेले प्रक्षालन. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचा साबणाशी संयोग होऊन न विरघळणारा चिकट थर बनतो व तो केसांवर बसतो. केस निस्तेज, जड व राठ होतात, आणि रुग्णा ‘कोरडे झाले’ असे समजून आणखी तेल लावते.

४. क्षयज : केसांची जाडी किंवा संख्या खरोखरच घटलेली आहे. भांग रुंदावलेला, वेणी बारीक झालेली. प्रसूती, तीव्र ज्वर, शस्त्रकर्म किंवा अतिलंघन यांनंतर दोन ते तीन महिन्यांनी केस एकदम गळू लागणे, रक्ताल्पता, थायरॉइडचे विकार, तसेच माथ्यावर हळूहळू वाढणारी, आनुवंशिक स्वरूपाची विरळता यांचा या गटात समावेश होतो. २०२० व २०२१ या वर्षांत कोविडच्या ज्वरानंतर आलेली केसगळती आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे.

एकाच रुग्णेत दोन प्रकार एकत्र असू शकतात. आमच्या त्या शिक्षिका मूळच्या क्षयज गटातील होत्या. आमच्या तेलाने त्यात लेपज गटाची भर घातली.

परीक्षण

या चार गटांचा निर्णय करण्यास दहा मिनिटे पुरतात.

भांग पाहावा. माथ्यावरील भांगाची रुंदी व डोक्याच्या मागील बाजूस पाडलेल्या भांगाची रुंदी यांची तुलना करावी. पुढचा भांग रुंद व मागचा अरुंद असेल तर आनुवंशिक स्वरूपाच्या विरळतेचा संशय घ्यावा. दोन्हीकडे सारखीच विरळता असेल तर सार्वदेहिक कारण शोधावे.

केस ओढून पाहावेत. त्या दिवशी न धुतलेल्या केसांतील ५० ते ६० केसांची बट अंगठा व दोन बोटांत धरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढावी. पाच-सहांहून अधिक केस हातात आले तर गळती चालू आहे असे समजावे. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे, हेही रुग्णेस सांगावे. त्याने निम्मी भीती जाते.

टिपकागद लावून पाहावा. केस धुतल्यानंतर दुसऱ्या दिवशी, तेल न लावता, टाळूवर पातळ कागदी रुमाल क्षणभर दाबावा. कागद पारदर्शक झाला तर क्लेदज गट. कागद कोरडा राहिला, परंतु केस हातास चिकट व जड लागले, तर लेपज गट.

नखे, नेत्रांतील आवरण, जिव्हा व दंत पाहावेत. मासिक स्राव, अलीकडील ज्वर, प्रसूती, वजनातील घट, थकवा, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणे यांविषयी विचारावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. एवढ्या मोठ्या प्रमाणात आढळणारी अवस्था आपल्या बाह्यरुग्ण विभागात आपण गृहीतच धरावी. क्षयज गटाचा संशय येताच हिमोग्लोबिन, फेरिटिन व थायरॉइड या तपासण्या करून घ्याव्यात.

केसांच्या तक्रारीत बाहेरचे कारण सर्वप्रथम सुचते व आतले मागे राहते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात घडले. डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात व परिसरातील गावांत अनेकांचे केस अल्पावधीत गळून पडले. आरंभी पाण्यावर व शाम्पूवर संशय घेण्यात आला. पुढे रुग्णांच्या तपासणीत सेलेनियमचे वाढलेले प्रमाण आढळले आणि चर्चा आहारातील धान्याकडे वळली. डोक्यावर काय लावले, यासोबत पोटात काय गेले हेही विचारावे, हा त्यातील बोध.

तेलाचा विवेक

नित्य शिरोभ्यंगाने खालित्य व पालित्य होत नाही व केस गळत नाहीत, हे चरकवचन सर्वपरिचित आहे. परंतु ते स्वस्थवृत्तातील वचन आहे, आणि त्याच्या जोडीला अन्य वचनेही वाचावी लागतात. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, दुसऱ्या अध्यायात, कफग्रस्त, नुकतेच शोधन झालेल्या व अजीर्णी व्यक्तीस अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. तसेच २२ व्या अध्यायात मूर्धतैलाचे अभ्यंग, सेक, पिचू व बस्ती असे चार प्रकार सांगून प्रत्येकाचे स्थान निश्चित केले आहे. रौक्ष्य, कंडू व मल यांत अभ्यंग. केशशात म्हणजे केस झडत असता पिचू. म्हणजे केसांची प्रत्येक तक्रार ‘भरपूर तेल, रोज रात्री’ या एकाच आज्ञेने सुटत नाही, हे आपल्या आचार्यांनीच सांगून ठेवले आहे.

केसांवरील तेलाचा गुण नाकारण्याचे कारण नाही. मुंबईतील संशोधक आरती रेळे व आर. बी. मोहिले यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेल, सूर्यफूल तेल व खनिज तेल यांची तुलना केली. केस धुण्यापूर्वी किंवा धुतल्यानंतर लावलेल्या खोबरेल तेलाने केसांतील प्रथिनांचा ऱ्हास कमी झाला. इतर दोन तेलांनी तसा लाभ दिला नाही. खोबरेल तेलातील लॉरिक आम्लाची रचना लहान व सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरते, खनिज तेल मात्र पृष्ठभागावरच राहते. यावरून दोन गोष्टी घ्याव्यात. तेल कोणत्या आधारावर सिद्ध केले आहे याला महत्त्व आहे. आणि धुण्यापूर्वी लावलेले तेलही गुणकारी ठरत असल्याने ते दिवसभर डोक्यावर वागविण्याची आवश्यकता नाही.

चप्प केसांच्या रुग्णेस आम्ही आता पुढीलप्रमाणे तेल सांगतो. क्लेदज व लेपज गटात टाळूवरील तेल पूर्ण बंद; केसांच्या खालच्या निम्म्या भागास, धुण्यापूर्वी तासभर, हाताला ओशटपणा येईल इतकेच. प्रकृतिज गटात आठवड्यातून एकदा एक ते दोन चमचे, धुण्यापूर्वी एक-दोन तास. क्षयज गटात टाळू कोरडी असेल तर भृंगराज तेलाचा पिचू किंवा बोटांच्या अग्रांनी हलका अभ्यंग आठवड्यातून दोन वेळा, आणि प्रत्येक वेळी नंतर प्रक्षालन.

प्रक्षालन

क्लेदज व लेपज या दोन गटांत प्रक्षालन हीच मुख्य चिकित्सा होय. शिकेकाई व रिठा यांतील फेन उत्पन्न करणारी द्रव्ये स्निग्ध मल काढतात, आणि साबणाप्रमाणे जड पाण्याशी संयोग पावून थर बनवीत नाहीत. शिकेकाईचा काढा किंचित आम्ल असतो, तर साबण क्षारधर्मी. क्षाराने केसावरील खवले उचलले जातात व केस एकमेकांत गुंततात. आम्लाने ते मिटून बसतात. खाण्यातील क्षार व लवण यांच्या अतिसेवनाने खालित्य व पालित्य संभवते, असा इशारा चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात दिला आहे, याचेही येथे स्मरण करून द्यावे.

आम्ही वापरतो तो योग असा : शिकेकाई ४ भाग, आवळकाठी २ भाग, नागरमोथा १ भाग, कपूरकाचरी १ भाग, रिठ्याची साल १ भाग. हे भरड २५ ग्रॅम घेऊन अर्धा लिटर पाण्यात रात्री भिजत घालावे, सकाळी मंदाग्नीवर दहा-पंधरा मिनिटे उकळावे, कोमट झाल्यावर दुहेरी फडक्याने गाळून घ्यावे. चूर्ण थेट केसांत चोळू नये. त्याचे कण मुळांशी अडकून राहतात व चप्प केस आणखी जड होतात. डोळ्यांत जाऊ देऊ नये. क्लेदज गटात दर दोन-तीन दिवसांनी, अन्यत्र आठवड्यातून दोन वेळा धुणे पुरते. वारंवार धुतल्याने केस गळतात ही समजूत चुकीची आहे. गळावयाचे केस त्या दिवशी एकत्र दिसतात इतकेच.

ज्या स्त्रियांना नोकरीच्या धावपळीत काढा करणे शक्य नाही, त्यांनी सौम्य शाम्पू वापरण्यास आमची हरकत नाही. तो टाळूस लावावा, कंडिशनर घ्यावयाचेच असेल तर ते फक्त टोकांस लावावे. पाणी जड असेल तर शेवटचे तांब्याभर पाणी गाळलेले व गोडे असावे.

उष्ण पाण्याने मानेखालील स्नान बलकारक, परंतु तेच पाणी शिरावर घेतल्यास केसांचे व नेत्रांचे बल हरण होते, हे वाग्भटवचन प्रत्येक रुग्णेस सांगावे. गिझरच्या काळात त्याची आठवण अधिकच आवश्यक आहे.

वाळविणे व रचना

उठाव देण्याचे निम्मे काम येथे होते आणि त्यास खर्च शून्य येतो. केस धुतल्यावर पंचा घट्ट पिळून बांधू नये; पाणी टिपून घ्यावे. मान खाली घालून केस पुढे सोडावेत व मुळांशी बोटे फिरवीत ते बहुतांश वाळवावेत. मुळे उभ्या स्थितीत वाळली म्हणजे केस ती स्थिती धरून ठेवतात. न्हाल्यानंतर मोकळ्या केसांना ऊद-धुपाची धुरी देण्याची आपल्या घरांतील रीत याच तत्त्वावर उपकारक ठरत असावी. उचलून धरलेल्या केसांच्या मुळांशी कोरडी, उबदार हवा लागते. दमा असणाऱ्यांनी मात्र धूर टाळावा. ड्रायर वापरणाऱ्यांनी तो मंद उष्णतेवर व वीतभर अंतरावर धरावा.

वर्षानुवर्षे एकाच जागी पाडलेला भांग बदलावा. केस विरुद्ध दिशेस वळविल्याबरोबर मुळाशी उठाव येतो. केसांची लांबी खांद्याच्या किंचित खाली आणल्यास भार कमी होतो. घट्ट अंबाडा व ताणून घातलेली वेणी टाळावी, कारण सततच्या ताणाने कपाळाजवळील केस कायमचे जाऊ शकतात.

समारंभाच्या दिवशी तात्पुरता उठाव हवा असेल तर अळशीचा चिकट काढा उपयोगी पडतो. एक मोठा चमचा अळशी एक पेला पाण्यात पाच-सात मिनिटे उकळावी, गरम असतानाच गाळावी. थंड झाल्यावर अर्धा चमचा घेऊन ओलसर केसांच्या मुळांशी बोटांनी लावावा व वर सांगितल्याप्रमाणे केस वाळवावेत. वाळल्यावर केसावर पातळ पापुद्रा बनतो व केस तोल धरतो. प्रमाण वाढविल्यास केस कडक होतात. हा काढा टिकत नाही, त्यामुळे ताजाच करावा.

आभ्यंतर चिकित्सा

ही केवळ क्षयज गटासाठी. निदानपरिवर्जन प्रथम. रक्तप्रदर असेल तर त्याची चिकित्सा, रक्ताल्पता असेल तर अग्निबल पाहून लोहकल्प व आहारयोजना, थायरॉइडचा विकार असेल तर त्याची यथोचित व्यवस्था. अस्थिगत विकारांत पंचकर्म, विशेषतः तिक्तद्रव्यसिद्ध क्षीर व घृत यांचे बस्ती, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २८ व्या अध्यायात सांगितले आहेत. आमलकी, गुडूची, भृंगराज यांची योजना दोषानुसार करावी. ऊर्ध्वजत्रुगत स्थान म्हणून नस्याचाही विचार करावा.

कालमर्यादा रुग्णेस प्रारंभीच सांगावी. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, आणि गळण्याच्या अवस्थेतील रोमकूप सुमारे तीन महिने विश्रांती घेतो. त्यामुळे योग्य चिकित्सेचा परिणामही तीन महिन्यांपूर्वी दिसत नाही, आणि वेणीची जाडी जाणवण्यास वर्ष लागू शकते. प्रसूतीनंतरची किंवा ज्वरानंतरची गळती बहुधा सहा ते नऊ महिन्यांत आपोआप थांबते. तिचे श्रेय कोणत्याही तेलास देण्याचा मोह टाळावा. माथ्यावरील आनुवंशिक विरळतेत मात्र कालहरण करू नये. त्या विकारात मिनॉक्सिडिलसारख्या बाह्य औषधाचा उपयोग सिद्ध झालेला आहे, व रुग्णेस त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविण्यात आपल्या शास्त्राचा कोणताही कमीपणा नाही.

औषधालयधारक बंधू-भगिनींसाठी

केसांच्या तक्रारीचा पहिला सल्ला बहुतेक वेळा वैद्याच्या खोलीत दिला जात नाही. तो आपल्या काउंटरवर दिला जातो. म्हणून ‘केसांसाठी चांगले तेल द्या’ असे कोणी म्हणाल्यास चार प्रश्न विचारावेत. केस गळतात की नुसते चप्प बसतात? धुतल्यावर किती दिवसांनी तेलकट होतात? सध्या डोक्याला काय काय लावता? अलीकडे ताप, बाळंतपण, थकवा किंवा पाळीचा त्रास आहे का? चौथ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर बाटली देण्यापूर्वी वैद्याकडे पाठवावे. दुसऱ्याचे उत्तर ‘दुसऱ्याच दिवशी’ असे असेल तर तेलाऐवजी शिकेकाईचे भरड द्यावे.

तेल विकावयाचेच असेल तर वेष्टन वाचून विकावे. आयुर्वेदीय औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्यांची यादी असणे कायद्याने बंधनकारक आहे. आधार तिळाचा आहे, खोबऱ्याचा आहे की लिक्विड पॅराफिनचा, हे त्यातून कळते. वनस्पतींची नावे ठळक व आधारद्रव्य बारीक अक्षरांत असेल तर ग्राहकास ते दाखवून द्यावे. एक बाटली कमी विकली जाईल, परंतु तो ग्राहक वर्षानुवर्षे आपल्याकडेच येईल.

उपसंहार

त्या शिक्षिकांचे पुढे काय झाले, हे सांगून लेख संपवितो. स्त्रावाची चिकित्सा व लोहयोजना सुरू झाली. तेल आठवड्यातून एकदा, धुण्यापूर्वी, एवढ्यावर आणले. केवळ तेल कमी केल्याने पंधरा दिवसांत केस मोकळे दिसू लागले. त्यात क्षय भरून आलेला नव्हता, वरचा लेप उतरला होता, हे आम्ही त्यांस स्पष्ट सांगितले. नवव्या महिन्यात भांगाच्या दोन्ही कडांना बोटभर लांबीचे नवे केस उभे दिसले, आणि जिना चढताना धाप लागत नव्हती. वेणी पूर्वीइतकी जाड झाली नाही. त्यांनीच केस खांद्यापर्यंत कापून घेतले व त्या समाधानी आहेत.

तेव्हापासून केसांची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णेचा हात आम्ही प्रथम हातात घेतो व नखे पाहतो. डोक्याकडे त्यानंतर वळतो. वैद्यमित्रांनी हा क्रम अंगीकारून पाहावा, ही विनंती.

॥ इत्यलम् ॥